ताकदीचं औषध

"ताई, ताकदीचं कायतरी लिहून द्या की."

सांगलीत लॅबच्या खिडकीशी बसून मी हे वाक्य गेली तेहतीस वर्षं ऐकते आहे. मी डॉक्टर नाही, रक्त काढून तपासणारी आहे. लिहून देण्यासारखं माझ्या हातात काहीच नसतं आणि हे बहुतेकींना माहीतही असतं. तरी रिपोर्टचं पाकीट हातात घेताना त्या एकदा म्हणून बघतात. जतकडची असेल तर म्हणते, "हातापायातली शक्तीच गेल्यागत हुतंय." विश्रामबागेतली म्हणते, "सकाळी उठवतच नाही हो." कुणी नुसतं "गळून गेल्यासारखं वाटतं" एवढंच म्हणते आणि थांबते. शब्द निराळे असले तरी मागणं एकच असतं, ताकदीचं काहीतरी.

सुरुवातीची बरीच वर्षं मला हे मागणं अडाणीपणाचं वाटायचं. आज तसं वाटत नाही. या मागण्याला फार मोठा इतिहास आहे आणि त्यातला थोडा आमच्या घरातही घडला, म्हणून लिहायला बसले.

गावभागातल्या आमच्या वाड्यात आजीची टॉनिकची बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात असायची. तपकिरी काच, लेबलावर गुटगुटीत बाळ घेतलेली गोरीपान बाई. दुपारी चारच्या सुमारास, भांडी घासून झाली आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून अंगावर आला नाही अशा वेळी आजी सोप्यातल्या खांबाला टेकून बसायची. झाकणात दोन चमचे औषध मोजून घ्यायची, डोळे मिटून प्यायची आणि वर लगेच कपभर चहा. ती दहा-बारा मिनिटं तिला कुणी हाक मारत नसे. "आजी औषध घेतीय," एवढं सांगितलं की आजोबासुद्धा परत फिरायचे. दिवसातल्या दुसऱ्या कुठल्याही वेळी आजी बसलेली मला आठवत नाही. जेवायला ती सगळ्यांत शेवटी, तोवर भाजीचं पातेलं तळाला लागलेलं. भाकरीच्या तुकड्यानं ते पातेलं पुसून घ्यायची आणि म्हणायची, "मला तशी भूक नसतीच."

त्या घरात आजीसाठी म्हणून विकत आणलेली, कुणी तिच्याकडून मागून न घेतलेली वस्तू ती एकच होती.

रक्त कमी होणं आणि लोखंड यांचं नातं माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे रक्त कमी होऊन पांढरं पडण्याच्या आजाराचे, पाच प्रकार सांगितलेत आणि पाचवा आहे माती खाण्यानं होणारा. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकले, कारण ती बाई माझ्या खिडकीशी रोज येते. "माती खाता का?" असं हळूच विचारलं की आधी हसते, मग सांगते. भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. आजचं वैद्यक म्हणतं की शरीरातलं लोह कमी झालं की अशी इच्छा होते आणि मातीनं लोह अंगी लागायलाही अडथळा होतो. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपट्या धरून फिरतात. आपल्या वैद्यांनी त्यावर मंडूर वापरलं. मंडूर म्हणजे लोखंड गाळताना निघणारं कीट. ते शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर उत्तम, ऐंशी वर्षांचं मध्यम, साठ वर्षांचं हलकं, अशी प्रतवारी रसशास्त्रात आहे. ते लाल होईस्तोवर तापवायचं, गोमूत्रात विझवायचं, असं पुन्हा पुन्हा करून मग भस्म. नवायस लोह या औषधाचा पाठ, म्हणजे कृती, तर पाठांतराला सोपी: सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग, चित्रक हे नऊ एकेक भाग आणि लोहभस्म नऊ भाग.

तिकडे युरोपातही हेच चाललं होतं. सतराव्या शतकात सिडनहॅम नावाचा इंग्रज वैद्य पांढऱ्याफटक पडलेल्या मुलींना लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून द्यायचा. या मुलींच्या आजाराला तिकडे हिरवा आजार म्हणत, कारण निस्तेज कातडीवर हिरवट झाक दिसायची. १८३२ साली फ्रान्समधल्या ब्लो नावाच्या डॉक्टरानं हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी केली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खड्यांचा. ब्लोच्या गोळ्या पुढं शंभर वर्षं जगभर चालल्या.

आणि मग दुकानदार आले. १८९० साली कॅनडातल्या ब्रॉकव्हिल गावच्या जॉर्ज फुलफर्डनं एका डॉक्टरकडून गोळीचा एक पाठ ५३ डॉलर आणि १ सेंटला विकत घेतला. नाव ठेवलं 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल', पांढऱ्या पडलेल्या लोकांसाठी गुलाबी गोळ्या. दहा-पंधरा वर्षांत त्या गोळ्या जगाच्या कानाकोपऱ्यात पोचल्या आणि फुलफर्ड सेनेटर झाला. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही त्यांच्या जाहिराती येत. त्या जाहिराती बातमीसारख्या छापलेल्या असायच्या. अमुक गावची तरुणी, जिना चढताना धाप लागायची, डॉक्टरांनी हात टेकले, शेवटी शेजारणीनं गोळ्या सुचवल्या आणि आता ती मैलभर चालते. सोबत तिचं नाव, तिचं गाव, कधी तिचं चित्र. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून छापलं. गुलाबी साखरेच्या आवरणाखाली निघालं काय, तर हिराकस, पोटॅशियम कार्बोनेट, ज्येष्ठमध आणि साखर. म्हणजे ब्लोचीच गोळी, गुलाबी पोलकं घातलेली.

ही गोष्ट सांगताना त्या गोळ्या म्हणजे निव्वळ फसवणूक होती असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. पक्षाघातापासून संधिवातापर्यंत सगळं बरं करतो हा त्यांचा दावा खोटा होता, त्यात वादच नाही. पण लोह कमी झालेल्या मुलीला त्यांतून लोह मिळत होतं, आणि तिला खरोखरच बरं वाटत असणार. जाहिरातीतल्या दहा बायांमधल्या दोघी-तिघी तरी खरं बोलत असणार. बाकीच्यांचं काय होतं हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याच काळातली आणखी एक बाटली आहे, ती मला जास्त अस्वस्थ करते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी लिडिया पिंकहॅम नावाची गृहिणी घरच्या चुलीवर औषधी मुळ्यांचा काढा करून शेजारणींना द्यायची. घर कर्जात बुडालं तेव्हा, १८७५ पासून, ती तो विकायला लागली. बायकांचं सगळं दुखणं, पाळीच्या तक्रारी, थकवा, त्यावर हा एक काढा. त्यात लोखंड नव्हतंच. अल्कोहोल मात्र शेकडा अठरा-वीसच्या घरात होतं. पण तिच्या जाहिरातीत एक ओळ असायची, मिसेस पिंकहॅमला पत्र लिहा. पत्र बाईच उघडेल, बाईच वाचेल, बाईच उत्तर देईल. आणि बायकांनी लिहिलं, हजारोंनी लिहिलं. अंगावरून किती जातं, किती दिवस जातं, कितवं बाळंतपण, नवरा काय म्हणतो, हे सगळं. १८८३ साली पिंकहॅमबाई वारल्या, तरी पत्रं येत राहिली आणि त्यांच्या नावानं उत्तरंही जात राहिली. शेवटी १९०५ साली एका मासिकानं त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला. मेलेल्या बाईच्या नावानं सल्ला देणं ही लबाडीच. पण डॉक्टराला जे सांगता येत नव्हतं ते कागदावर उतरवून पोस्टात टाकणाऱ्या त्या बायका माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. ऐकून घेणारं दुसरं कुणी असतं तर त्यांनी थडग्याला पत्रं लिहिली नसती.

अल्कोहोलचं म्हणाल तर आपलीही टॉनिकं काही वेगळी नव्हती. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा औषधांतल्या अल्कोहोलचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि औषधं व प्रसाधनांवरची ती बंदी न्यायालयानं १९५१ साली रद्द ठरवली. आपल्या द्राक्षारिष्टातही मनुका, गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवल्यावर थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. चार वाजता खांबाला टेकून बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरणारी ती ऊब कशाची होती, ते आता मला कळतं. बिचारीनं आयुष्यात द्राक्षाचा रससुद्धा कधी मागून घेतला नाही.

यापेक्षा कडक म्हणजे ईस्टन सिरप. लोखंड, क्विनीन आणि स्ट्रिक्निन. स्ट्रिक्निन म्हणजे कुचल्यातलं विष. हे काही भोंदूचं औषध नव्हतं, ब्रिटिश फार्माकोपियातलं, म्हणजे तिथल्या अधिकृत औषधग्रंथातलं होतं, मोठमोठे डॉक्टर ताकदीसाठी लिहून देत. अगदी थोड्या मात्रेत स्ट्रिक्निन अंगाला ताठरपणा आणतं, माणसाला वाटतं तरतरी आली. ताकद आल्याचा भास आणि ताकद यांतला फरक पिणाऱ्याला कसा कळणार?

दवाखान्यातलं मिक्श्चर मी स्वतः पाहिलंय. घरून रिकामी बाटली न्यायची. कंपाउंडर ती भरून पांढऱ्या कागदाची पट्टी दुमडायचा, कात्रीनं कडेला खाचा पाडायचा आणि खळीनं बाटलीवर चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. लोहाच्या मिक्श्चरनं दात काळे पडतात म्हणून नळीनं प्या म्हणायचा. नळी कुणाच्या घरी असायची? पदराच्या टोकानं दात घासणाऱ्या बायका मला आठवतात.

दात काळे का पडतात आणि आजीची बाटली का लागू पडली नाही, या दोन्हीचं उत्तर मला एका दुपारी लॅबमध्येच मिळालं. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी माझ्याजवळ होती, समोर चहाचा कप होता. गोळी कुटली, पाण्यात विरघळवली आणि चमचाभर पाणी कपात टाकलं. चहा बघता बघता काळा झाला. दुधाचा असूनही आधी करडा, मग शाईसारखा. शाईसारखा म्हणते ते उगीच नव्हे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला की शाईच होते. हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं त्याच जातीचं चहात असतं आणि ते लोखंडाला धरून ठेवतं. अशा धरून ठेवलेल्या लोखंडातलं फार थोडं आतड्याला घेता येतं. म्हणून लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तास-दोन तास लांब ठेवायचा. आजीनं वर्षानुवर्षं टॉनिकवर चहा घेतला. तिच्या पोटात रोज चार वाजता शाई होत होती. त्या कपाकडे बघत मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

आमच्या परळपर्यंत ही गोष्ट येऊन पोचते, तेही सांगायलाच हवं. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गर्भारपणात बायकांचं रक्त इतकं उतरायचं की त्या बाळंतपणात दगावायच्या. गिरण्यांतल्या गरीब बायकांत हे फार होतं. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्या बायका काय खातात हे विचारलं, नुसतं रक्त बघितलं नाही. आधी उंदीर, मग माकडं आणि मग त्या बायका. औषध निघालं यीस्टचा अर्क, मार्माइट, इंग्लंडात पावावर फासून खातात तो किराणा दुकानातला काळा लगदा. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या लगद्यात जे होतं ते पुढं पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक अॅसिड नाव मिळालं. आज प्रत्येक गरोदर बाईच्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला ते असतं. ही बाई बाटली घेऊन आली नाही, प्रश्न घेऊन आली. म्हणून मला तिच्याबद्दल इतकी माया वाटते.

मी कामाला लागले तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत बघायचो. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड घ्यायचं. बोटाला टोचून वीस घन मिलीमीटर रक्त पिपेटमध्ये ओढायचं, टोक कापसानं पुसायचं आणि अलगद अॅसिडमध्ये सोडायचं. दहा मिनिटांत लाल रक्त तपकिरी होतं, अगदी कोऱ्या चहाच्या रंगाचं. मग थेंब थेंब पाणी घालत, काचेच्या काडीनं ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. पाणी जितकं जास्त मावेल तितकं रक्त चांगलं. काही बायांच्या नळीत तीन-चार थेंबांतच रंग जुळून जायचा. हात तिथंच थांबायचा आणि समोर बसलेल्या बाईकडे बघवायचं नाही. ती मात्र उभं राहून विचारायची, "झालं का? एस.टी. हाय माझी."

आता माझ्या आत्याचं सांगते.

आत्या तासगावला दिलेली. मोठं घर, द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड. ती माहेरी यायची तेव्हा तिच्या पिशवीतही एक बाटली असायची आणि आजी तिला आपल्यातलंही दोन चमचे द्यायची. मायलेकी चार वाजता खांबाला टेकून बसायच्या. आत्याचा चेहरा मेणासारखा झालेला, नखं चपटी, वाटीसारखी खोलगट. पायऱ्या चढून आली की बोलायला वेळ लागायचा. तिकडचे डॉक्टर दर खेपेला टॉनिक बदलून द्यायचे. लाल टॉनिक झालं, काळं झालं, लिव्हरची इंजेक्शनं झाली. मग बी-१२ चं लाल इंजेक्शन. त्या इंजेक्शनवर बायकांचा फार विश्वास, कारण रंग रक्ताचा. खरं तर तो लाल रंग त्यातल्या कोबाल्टचा असतो, पण सुईतून लाल काहीतरी अंगात जाताना दिसलं की रक्तच भरलं असं वाटायचं.

तीन वर्षं हे चाललं. १९८३ च्या दिवाळीत आत्या आमच्या परसात धुणं वाळत घालताना पडली. मिरजेला नेलं. हिमोग्लोबिन चारच्या आसपास. तिथल्या एका बाई डॉक्टरनं पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून विचारलं. तीन वर्षं दर महिन्याला नऊ-दहा दिवस अंगावरून जात होतं, गाठी पडत होत्या. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे मांसाची गाठ होती. रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. आत्या पुढं चांगली बहात्तर वर्षांपर्यंत जगली.

ऑपरेशननंतर आजी तिच्या उशाशी बसून रडत होती. म्हणाली, "अगं, एवढं जात होतं तर सांगायचं नाहीस का कुणाला?"

आत्या म्हणाली, "सांगत होते की. दर महिन्याला डॉक्टरांना सांगत होते, ताकदीचं औषध द्या म्हणून."

मी तेव्हा अकरावीत होते, पायाशी उभी होते. ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. लॅबच्या खिडकीशी बसून काही वर्षं गेल्यावर कळलं. दवाखान्यात समोर पुरुष डॉक्टर, शेजारी कंपाउंडर, मागं सासरे नाहीतर नवरा. तिथं बाईला तोंडातून काढता येईल असा एकच शब्द होता. अंगावरून जाणं, उपाशी राहणं, पाठोपाठची बाळंतपणं, अनवाणी ऊसात राबताना पायातून शिरलेले जंत, रात्रीचा खोकला, नुसती झोप न होणं, हे सगळं तिनं त्या एका शब्दात गुंडाळून पुढं ठेवलेलं असायचं. बाटल्या विकणाऱ्यांनी तो शब्द अचूक ऐकला. ज्यांनी तो सोडवून बघायचा, त्यांनी बाटली बदलून दिली.

आता गुलाबी गोळी पुन्हा आलीय. २०१८ पासूनच्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, शाळा-कॉलेजच्या वयात निळी, गर्भारपणात लाल. गोळ्या फुकट आहेत, आत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं आहे, आणि आत लोहच आहे. मला त्या गोळ्यांचा अभिमान वाटतो. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं, आधीच्या पाहणीपेक्षा जास्त. गोळी मळमळते, शौचाला काळं होतं, घट्ट होतं. कुणी सांगतं बाळ काळं होईल. पाकिटं ट्रंकेत तशीच राहतात. खाली बसून, गोळीनं काय होतं आणि काय होत नाही हे दहा मिनिटं सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून ते मी सांगते. ते माझ्या कामात मोडत नाही, पण सांगते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. चहा लांब. लिंबू जवळ. काळं होणं म्हणजे बिघाड नव्हे.

परवाचीच गोष्ट. बेदाणा निवडायच्या शेडवर जाणारी एक पोरगी आली होती, सव्वीस-सत्तावीसची. सोबत नवरा, चांगला काळजीचा माणूस, तिची पिशवी त्यानंच धरलेली. मशीननं हिमोग्लोबिनचा आकडा दिला, ७.२. पाकीट घेताना तो म्हणाला, "म्याडम, हिला एखादं चांगलं टॉनिक सांगा. ताकदच न्हाई अंगात."

मी त्याला पावतीवर शिक्का मारून आणायला पलीकडच्या टेबलाशी पाठवलं. हे मी नेहमी करते. त्या टेबलावर शिक्का मारायची काही गरज नसते. ती खिडकीशी एकटी राहिली. मी आवाज खाली आणून विचारलं, "पाळीत किती दिवस जातं गं?"

तिनं आधी मागं वळून तो कुठवर गेलाय ते बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता, ती सांगायला लागली.